राजाचं व्याकरण आणि आठ बोल्ट

माझ्या मदतीला आले ते आमच्या साइट ऑफिसातले डॉक्युमेंट कंट्रोलर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला बऱ्याच जणांना नावं ठेवायची आहेत, त्यात स्वतःलाही, आणि त्या गडबडीत उपकार कुणाचे ते राहून जायला नको. माणूस साताऱ्याकडचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. ड्रॉइंगांवर नंबर टाकायचे, जुनं काढून नवं फायलीत लावायचं, कोण घेऊन गेला त्याची सही घ्यायची, एवढंच त्यांचं काम. कॅम्पात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यात आदर नव्हता. ते कधीकाळी पुण्यात इतिहासाची पीएच.डी. करत होते आणि ती अर्धी टाकून इकडे आले, हे कुणाला तरी कळलं, तेव्हापासून मास्तर. पीएच.डी.चा विषय काय, तर चार-पाचशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या शाळांत लॅटिन कसं शिकवायचे आणि त्यात तिथल्या सरकारने कसा हात घातला. मेसमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसलो. सातवीत शाळा सोडलेला मी, आणि पीएच.डी.ला हसत होतो.

मी पाइप फिटर. मूळचा मंडणगडकडचा. सौदीत रास तनुराच्या बाजूला आमच्या कंपनीचा कॅम्प आहे, तिथून बसने साइटवर जायचं आणि उन्हं कलल्यावर बसने परत यायचं. काम मला येतं. पण कागद आला की माझं अवसान जातं. कुठलाही कागद समोर ठेवला की वाटतं, हाच तो, आपल्याला घरी पाठवणारा. त्यामुळे सरकारने फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन सगळ्यांना परीक्षा लावली, ती पास झाल्याशिवाय इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, तो धंदा राहणार नाही, अशी नोटीस कॅम्पात लागली तेव्हा मी ती तीन वेळा वाचली आणि जेवलो नाही. कंपनीने तोंडी सांगितलं ते आणखी सरळ होतं. दोन वेळा नापास झालेल्याला तिकीट. घरी मोठी मुलगी नर्सिंगला, धाकटी दहावीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी मंडणगडला जाऊन मी कुणाच्या घराचे नळ बसवणार होतो?

परीक्षेवर माझा राग नाही. ज्याच्या इकाम्यावर फिटर लिहिलंय त्याला फिटिंग येतं की नाही हे बघावं, यात काय चूक? इकाम्यावर फिटर आणि हातात पाना उलटा, अशी माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांनी जोडलेल्या लाइनीखालून मान खाली घालून गेलोही आहे. माझी तक्रार आहे ती आमच्या कंपनीने त्या परीक्षेचं जे केलं त्याबद्दल.

कंपनीने एक ट्रेनिंगवाला साहेब आणला. आपल्याच देशाचा, पंचेचाळीस डिग्रीत टाय बांधणारा. त्याने आयुष्यात एक बोल्ट आवळला असेल तर तो स्वतःच्या खुर्चीचा. त्याने कुठून कुठून उतारे गोळा करून एक पुस्तक केलं, पानांना प्लास्टिक मारलं, पहिल्या पानावर आमच्या मुदीरचा, म्हणजे मोठ्या मॅनेजरचा, सहीशिक्क्याचा हुकूम लावला. पोर्टा केबिनमध्ये पहिल्या दिवशी ते पुस्तक डोक्याच्या वर धरून तो म्हणाला, "देखिए, अब तक हर फोरमैन अपना-अपना सिखाता था. इस कैंप में एक, रियाध में दूसरा. आज से पूरी कंपनी में एक किताब. बाकी सब बंद."

पुस्तक इंग्रजीत होतं आणि समोरच्या पानावर त्याचं हिंदी. ते हिंदी कॉम्प्युटरने केलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आपलंच शिक्षण कमी. पाइपाच्या टोकाला जी चकती असते त्या फ्लँजला त्यात 'निकला हुआ किनारा' म्हटलं होतं. दोन फ्लँजांमध्ये गळती थांबवायला दाबतात त्या गॅस्केटला म्हटलं होतं 'पाल बाँधने की रस्सी'. आम्ही चाळीसेक दाढीमिशीवाले बाप्ये बाकड्यांवर बसून एका सुरात म्हणायचो, दो निकले हुए किनारों के बीच पाल बाँधने की रस्सी रखें. बाहेरून जाणारा फिलिपिनो क्रेन ऑपरेटर खिडकीत थांबून ऐकायचा आणि डोकं हलवत निघून जायचा.

माझ्या शेजारी बसायचा तो माझा रूममेट. रत्नागिरीच्या बंदराकडचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. कंपनीत त्याच्याइतका चांगला फिटर नव्हता. पाइपावर नुसता हात फिरवून तो सांगायचा, इथं दोन मिलिमीटर जास्त आहे, आणि टेप लावला की दोनच निघायचे. एका दिवशी त्याने हात वर केला.

"साहब, ये रस्सी कौन-सी? हम तो गॅस्केट लगाते हैं."

"किताब में क्या है?"

"रस्सी."

"तो रस्सी बोलो. एग्ज़ाम में गॅस्केट लिखा आएगा क्या?"

भाई खाली बसला आणि माझ्या कानात म्हणाला, "बाबा रे, वीस वर्षं मी काय लावत होतो मग?"

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण पुढच्या आठवड्यात डायऱ्यांची गोष्ट झाली. प्रत्येक फिटरकडे एक डायरी असते. खिशात मावेल एवढी, घामाने आणि ग्रीसने काळी पडलेली. वळणावरच्या कुठल्या एल्बोला किती कापायचं, पाइप तिरका न्यायचा तर कशाने गुणायचं, कुठल्या फ्लँजला किती बोल्ट आणि कुठला पाना, सगळं त्यात. ती विकत मिळत नाही. आपण ज्याच्या हाताखाली शिकलो त्याच्या डायरीतून उतरवून घ्यायची, आणि त्याने त्याच्या उस्तादाच्या डायरीतून उतरवलेली असते. माझ्या डायरीत एक आकडा चुकीचा होता आणि त्यापुढे माझ्या उस्तादाने त्याच्या डायरीत मराठीत 'हे खोटं आहे, तरी ठेव' असं लिहिलेलं, तेही मी तसंच उतरवून घेतलं होतं. साहेबाने खोका आणला आणि सगळ्या डायऱ्या त्यात टाकायला सांगितल्या. म्हणाला, यांच्यामुळेच गोंधळ होतो, एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. परीक्षा झाल्यावर परत मिळतील. मी निमूटपणे टाकली. मला तर कुणी बूट काढून टाक म्हटलं असतं तरी मी टाकले असते. भाईने टाकताना एकदा शेवटचं पान उघडून बघितलं.

त्या दुपारी मेसमध्ये मास्तर आमच्याच टेबलावर जेवायला बसले होते. भाईने डाळ ओढता ओढता खोक्याचं सांगितलं. मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

"सगळ्यांच्या घेतल्या?"

"सगळ्यांच्या."

"आणि पहिल्या पानावर मॅनेजरचा हुकूम आहे म्हणतोस?"

"शिक्क्यासकट."

मास्तर हसले. त्यांना हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. म्हणाले, "हे मी आधी वाचलंय. पाच वर्षं तेच वाचत होतो, लेका." आणि मग त्यांनी ते सांगितलं, ज्याला आम्ही इतके दिवस हसत होतो.

विलायतेत एक राजा होता. तेव्हा तिथल्या शाळेत मुख्य शिकवणं म्हणजे लॅटिन. प्रत्येक मास्तरचं व्याकरणाचं पुस्तक वेगळं, कुणाचं छापील, कुणाचं हाताने लिहिलेलं. पोरगं एका गावाहून दुसऱ्या गावच्या शाळेत गेलं की तिथला मास्तर म्हणायचा, तू शिकलास ते सगळं चूक, पहिल्यापासून सुरू कर. राजाने चार विद्वान बसवून एकच व्याकरण करवून घेतलं आणि हुकूम काढला, की राज्यात सगळ्या शाळांत हेच शिकवायचं, दुसरं नाही. हुकूम पुस्तकाच्या पुढेच छापला. बिशप लोक शाळा तपासायला गेले की विचारायचे, राजाचंच पुस्तक चालतं ना इथे?

"म्हणजे कारण बरोबर होतं," मी म्हणालो. मला नेहमी वरच्या माणसाची बाजू घ्यायची सवय आहे.

"कारण बरोबरच होतं. तुमच्या टायवाल्याचंही बरोबर आहे. कारण कुणाचं चूक असतं?"

"मग पोरांना लॅटिन यायला लागलं?"

"पाठ यायला लागलं. सकाळी म्हणून दाखवायचं, चुकलं की छडी. गंमत अशी, की पुस्तकाच्या मोठ्या भागात लॅटिनचे नियम लॅटिनमध्येच लिहिलेले. जी भाषा येत नाही ती शिकायची कशी, तर त्याच भाषेत."

"रस्सी," भाई म्हणाला.

"रस्सी," मास्तर म्हणाले.

"घरी कोण बोलायचं ते लॅटिन?" मी विचारलं.

"घरी कोण बोलणार? कुणाच्याच घरी नाही."

"मग शिकायचे कशाला?"

"इकाम्यासाठी असंल," भाई म्हणाला.

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगदी. त्याच्याशिवाय ना वरच्या शाळेत जाता यायचं, ना पाद्री होता यायचं. इकामाच तो." मग पाणी पिऊन म्हणाले, "ज्या मास्तरांना चांगलं शिकवता यायचं त्यांना ते पुस्तक नकोसं व्हायचं, पण बोलायची सोय नाही. राजा मेला, त्याची पोरं मेली, पुस्तक चालूच. पिढ्यान् पिढ्या नव्हे, शतकं. थोडीफार डागडुजी करून."

मला त्या राजाची कीव आली. एवढी मोठी गादी, आणि शाळेतल्या पोराने क्रियापद कुठल्या पानावरून पाठ करावं याची त्याला काळजी. हुकूम काढणाऱ्याला वाटतं, सगळीकडे एकच पुस्तक गेलं म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. आमचा टायवाला त्याचाच वंशज. त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता, एसी होता, एवढाच फरक. त्या दिवसापासून क्लासमध्ये त्याने पुस्तक वर धरलं की मला मनातल्या मनात हसू यायचं. पण मनातल्या मनातच. तोंडाने मी सगळ्यात मोठ्याने रस्सी म्हणत होतो.

पाठ करायची मला खरोखर भीती होती. पुस्तकात फ्लँजचं चित्र होतं. गोल, त्याला आठ भोकं, घड्याळातल्यासारखे ओळीने गोल एक ते आठ आकडे. बोल्ट आवळायचा क्रम खाली दिलेला, वन-फाइव्ह-थ्री-सेव्हन, टू-सिक्स-फोर-एट. हा क्रम साहेब आमच्याकडून रोज दहा वेळा म्हणवून घ्यायचा. एका शुक्रवारी सकाळी मी कपडे वाळत घालायच्या जागेत उभा राहून तो घोकत होतो. मास्तर बादली घेऊन आले.

"काय जप चाललाय?"

"आठ बोल्टांचा क्रम, मास्तर."

"असाच का?"

"पुस्तकात आहे."

"आणि पुस्तक यायच्या आधी तू कसा आवळायचास?"

मला राग आला. चौदा वर्षं मी हेच करत होतो. मी म्हणालो, "तुम्हाला फ्लँज म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ड्रॉइंगवर बघतो, एवढंच. चल, मला शिकव."

मेस रिकामी होती. मास्तरांनी एका गोल टेबलावर आठ चहाचे ग्लास उपडे मांडले आणि समोर बसले. मी सांगितलं, दोन पाइपांच्या टोकांना दोन चकत्या असतात, त्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गॅस्केट ठेवायचं, आणि आठ बोल्टांनी दाबायचं. एक बोल्ट आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग आडवे दोन, मग राहिलेले. मास्तरांनी विचारलं, का? मला कुणी कधी 'का' विचारलं नव्हतं. मी ग्लासांवर हात ठेवून बघितला, जसा साइटवर ठेवतो तसा, आणि मग म्हणालो, "एकाच बाजूने आवळत गेलो तर दुसरी बाजू आ वासते. गॅस्केट एकीकडे चेंगरतं. मग प्रेशर आलं की तिथून फुटतं."

"हे छान मराठी आहे," मास्तर म्हणाले. "हे त्या पुस्तकात आहे का?"

नव्हतं.

मग त्यांनी कागदाचे आठ तुकडे करून त्यांवर आकडे लिहिले आणि ग्लासांवर ठेवले. मी क्रम म्हणत बोटं लावली. त्यांनी कागद उचलले, पत्त्यांसारखे पिसले, परत ठेवले. "आता?" मी पाठ केलेला क्रम म्हणायला लागलो आणि माझी बोटं टेबलावर कशीही पळायला लागली. मास्तर म्हणाले, "आकडे कुणीही लिहितो रे. आज मी लिहिले. तू समोरचा कोण ते बघ." चार शुक्रवार आम्ही तेच केलं. ते कागद पिसायचे, मी समोरचा शोधायचो, आणि ते प्रत्येक वेळी 'का?' म्हणून विचारायचे. कधी कधी मला त्यांचा कंटाळा यायचा. एकदा मी म्हणालो, "मास्तर, परीक्षेत 'का' असं विचारत नाहीत." ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच मी विचारतोय."

भाईलाही मी बोलावलं होतं. तो म्हणाला, "तुजा मास्तर पाना धरायला शिकू दे आधी." त्याने पुस्तक पाठ केलं. पहिल्या पानावरच्या हुकुमासकट पाठ केलं. आयुष्यात पहिल्यांदा कसली तरी लेखी परीक्षा द्यायची आणि तीत पहिलं यायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. साहेब त्याला उभं करून म्हणायला लावायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, यांच्याकडून शिका.

परीक्षा दम्मामला होती. सकाळी बसमध्ये सगळ्यांचे ओठ हलत होते. आधी कॉम्प्युटरवर प्रश्न. मी हिंदी निवडलं आणि पहिलाच प्रश्न वाचून माझा विश्वास बसेना. साधं, सरळ हिंदी. आणि फ्लँजला फ्लँजच लिहिलेलं. गॅस्केटला गॅस्केट. कुठे किनारा नाही, रस्सी नाही. दोन महिने चाळीस माणसं जी भाषा घोकत होती ती जगात फक्त आमच्या पोर्टा केबिनमध्ये बोलली जात होती.

मग प्रात्यक्षिक. एका मोठ्या शेडमध्ये टेबलं लावलेली, प्रत्येकावर जोडायला दिलेली पाइपाची दोन टोकं. भाई माझ्या डावीकडच्या टेबलावर होता. तपासनीस तरुण सौदी मुलगा होता, कव्हरऑल घातलेला, सगळ्यांशी हळू आवाजात बोलत होता. त्याने हिंदीत सांगितलं, आराम से करो, टाइम है. मी गॅस्केट बसवलं, बोल्ट घातले, हाताने फिरवून आणले. आता आवळायचं. फ्लँजवर भोकांशेजारी आकडे ठोकलेले होते. तोंडात आपोआप आलं, वन-फाइव्ह-थ्री-सेव्हन. मी एकावर पाना लावला, फिरवला, आणि पाचाकडे वळलो. पाच एकाच्या शेजारीच होता.

माझा हात थांबला. आकडे लोखंडात ठोकलेले, सरकारी, आणि मी सातवीत शाळा सोडलेला. त्यांना चूक म्हणणारा मी कोण? मी पाना पाचावर लावलासुद्धा. मग तो काढला आणि बरोबर समोरच्या बोल्टाकडे बघितलं. त्याच्या शेजारी दोन होता. आडवा बघितला, तीन. त्याच्या समोर चार. इथे आकडे गोल लावलेले नव्हतेच, ज्या क्रमाने आवळायचे त्याच क्रमाने टाकलेले होते. अशीही पद्धत असते. दोन्ही बरोबर आहेत. आमच्या पुस्तकाला त्यातली एकच ठाऊक होती.

तेवढ्यात डावीकडून भाईचं पुटपुटणं ऐकू आलं. वन-फाइव्ह-थ्री-सेव्हन. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. एक, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्याही शेजारचा. त्या आकड्यांवर आमचा क्रम म्हटला की माणूस फ्लँजभोवती सरळ गोल फिरत जातो. पहिल्या दिवशी आलेल्या हेल्परने असं केलं तर भाईने त्याच्या आईबापाचा उद्धार केला असता. आणि आता तो स्वतः मान खाली घालून, पाठ केलेलं एक अक्षर न चुकवता, गोल गोल आवळत चालला होता. त्याच्या हाताला कळत नसेल? कळत असणार. पण परीक्षेत हाताचं ऐकायचं नाही हे त्याला दोन महिने शिकवलं होतं.

मी खाकरलो असतो तरी त्याने वर बघितलं असतं. मी खाकरलो नाही. बोललो तर बाहेर काढतील, असं आधी सांगितलं होतं. मी माझे बोल्ट आवळले, समोरासमोर, तीन फेऱ्यांत, आणि पाना खाली ठेवला.

तपासनीसाने भाईच्या फ्लँजच्या फटीत पातळ पट्टी घातली. एका बाजूला ती शिरली नाही, दुसऱ्या बाजूला सहज गेली. त्याने भाईला ती दाखवली. भाईने बघितलं आणि पाना पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

मी पास झालो. परतीच्या बसमध्ये भाई माझ्या शेजारी बसला. अर्ध्या वाटेवर म्हणाला, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"बोलला नाहीस ते बरं केलंस. दोघंही गेलो असतो." पुन्हा थोड्या वेळाने, "गोल फिरलो रे मी. गोल."

दुसरी संधी तीन महिन्यांनी होती. तोवर त्याला हेल्परच्या यादीत टाकलं. मी म्हणालो, आता मास्तरांकडे बसू, चार शुक्रवारांत होईल. भाई म्हणाला, "खलास. काल ज्यांना पाना धरायला शिकवलं त्यांना आता पाना उचलून देऊ?" आणि त्याने कायमचं घरी जायचे कागद भरले. ट्रेनिंगवाल्या साहेबाने रजिस्टरमध्ये लिहिलं की हा माणूस परीक्षेला घाबरला.

आता माझी पाळी. आमच्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त प्रात्यक्षिकात पडले होते आणि साहेबाला वर काहीतरी दाखवायचं होतं. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याने चहा दिला आणि छापील कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी कंपनीच्या पुस्तकामुळे पास झालो, आणि खाली आणखी एक ओळ, की मी पुस्तकाबाहेरची कुठलीही शिकवणी घेतली नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

"कोई प्रॉब्लम?" साहेब म्हणाला.

"नहीं साहब."

सही केली. त्याने माझा फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी मी मेसच्या दारावरच्या बोर्डावर होतो, पुस्तक छातीशी धरून, आणि खाली तो सही केलेला कागद. ज्या आठवड्यात भाई बॅग भरत होता त्याच आठवड्यात. इतका वेळ मी राजाला हसलो, टायवाल्याला हसलो. पण राजाचं पुस्तक शतकानुशतकं चाललं ते एकट्या राजामुळे नव्हे. माझ्यासारख्यांनी खाली सह्या केल्या म्हणून.

मास्तर बोर्डासमोर थांबले, चष्मा वर करून खालपर्यंत वाचलं. मी मागेच उभा होतो. ते म्हणाले, "सही चांगली येते तुझी." त्यात टोमणा होता की नाही, अजून मला ठरवता येत नाही.

महिन्याभराने ऍडमिनमधून एक जण माझ्याकडे आला. मेसमध्ये कुणी शुक्रवारी खासगी क्लास घेतो म्हणतात, तुला काही माहिती? मी म्हणालो, नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तरांची बदली झाली, रियाधला, अल सुलैच्या गोदामात. त्याचा याच्याशी संबंध असेल, नसेल. डॉक्युमेंट कंट्रोलरला गोदामात बसवून माल मोजायला लावायचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मुलगी कितवीला म्हणालास? दहावी? तिला इतिहासात काही अडलं तर फोन करायला सांग."

मी त्यांना दर शुक्रवारी फोन करतो. गोदामात उकडतं फार म्हणतात, बाकी बरं आहे. मी आभार मानायला लागलो की ते विषय बदलतात. मागच्या वेळी मी म्हणालो, "मास्तर, मी त्या कागदावर खोटं लिहून दिलं." ते म्हणाले, "मी वाचलंय ते. तुझा इकामा झाला ना?" म्हटलं, झाला. "मग झालं," म्हणाले.

पण झालेलं नाही. इकामा माझ्या खिशात आहे आणि त्यावर फिटर लिहिलंय, ते त्यांच्यामुळे. माझा फोटो अजून त्या बोर्डावर आहे. नवी बॅच त्याच्या खालून आत जाते आणि पोर्टा केबिनमधून रस्सी, रस्सी ऐकू येतं. मला साहेबाच्या केबिनमध्ये जायचंय आणि सांगायचंय की ती ओळ खोटी आहे, मला शिकवलं ते मास्तरांनी, आणि तसं लिहून, खाली सही करून त्याच्या टेबलावर ठेवायचंय. दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. एवढं धैर्य अजून माझ्यात नाही, हे इथे कबूल करतो. पण ते येईल. मास्तर, तुम्ही सुलैला असा नाहीतर साताऱ्याला, तो कागद दिल्यावर त्याची नक्कल घेऊन मी बसने तुमच्याकडे येईन आणि तुमच्या हातात ठेवीन. तुमचं फेडायचं आहे ते मी तसंच फेडीन.